सुरुवातीचा दाब

३ फेब्रुवारी, सोमवार

रजिस्टरमधला ‘शेरा’ हा रकाना आजपासून बंद. भूल द्यायला आलेल्या नव्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी पट्टी ठेवून त्यावर उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, “काका, इथे आकडे पुरेत. मतं नकोत.” बावीस वर्षं तो रकाना मी भरत आलो. ठीक आहे. शेरे घरी लिहीन. ही वही त्यासाठी.

कुणाच्या हाती लागलीच तर कळावं म्हणून लिहितो. मी मानसोपचार रुग्णालयाच्या उपचार-खोलीत यंत्रं सांभाळतो. लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात तो उपचार इथे होतो. मी तो शब्द वापरत नाही. भूल देतात, स्नायू सैल करतात, मग डोक्याला काही सेकंद वीज आणि मिनिटभराची फीट. रुग्णाला काही कळत नाही. कळतं ते हृदयाला. वीज लागली की ठोके कोसळतात, कधी दोन-चार सेकंद थांबतातच. मग फीट आली की उसळतात आणि रक्तदाबही त्यांच्यामागे धावतो. पुस्तकात याला लांबलचक नावं आहेत. मी म्हणतो, आधी दरी, मग डोंगर. दरी खोल जाऊ नये म्हणून एक औषध असतं, ती टाच. डोंगर फार चढू नये म्हणून दुसरं, तो लगाम. लगाम किती द्यायचा हे बरंचसं ठरतं सुरुवातीच्या दाबावरून, आणि तो घेतो मी. हे मला कुणी शिकवलेलं नाही. आलो होतो ट्रॉली ढकलायला. मांडीवर डिक्शनरी घेऊन यंत्रांची पुस्तकं वाचली. आता नवे डॉक्टर मला विचारतात.

मॅडमनी मात्र वेगळंच विचारलं. “सुरुवातीचा दाब नेमका केव्हा घेता?”

“टेबलावर. तारा लावून झाल्या की, मास्क लावायच्या आधी. बावीस वर्षं त्याच क्षणाला. एकदाही इकडचं तिकडे नाही.”

“आणि वॉर्डातला?”

“वॉर्डात सगळ्यांचाच एकशेवीस-ऐंशी असतो, मॅडम. उद्या खांबाला पट्टी बांधलीत तरी सिस्टर एकशेवीस-ऐंशी लिहितील.”

हसल्या. पण वॉर्डचे कागद घेऊन गेल्या. घ्या बापड्या.

खोलीचं त्यांना कौतुक वाटलं असावं. बोलून नाही दाखवलं. उपचाराआधी रुग्णाचा एक घोटा आवळून ठेवतात, म्हणजे सैल करणारं औषध त्या पावलात उतरत नाही. बाकी देह शांत, ते एक पाऊल तेवढं थरथरतं, त्यावरून फीट मोजायची. ते पाऊल नीट दिसावं म्हणून बारा वर्षांपूर्वी मी टेबल फिरवून पाय दाराकडे केले. दाराला गोल काच आहे, व्हरांड्यातला उजेड बरोब्बर पावलावर पडतो. पुढचे रुग्ण बसतात तो बाकही मीच दारासमोर आणून ठेवला, दोन पावलांत माणूस आत. एका सकाळी पाच रुग्ण होतात ते उगाच नाही. कटकट एवढीच की आमच्या मावशी काचेला पाठ लावून उभ्या राहतात आणि बाकावरच्यांशी गप्पा ठोकतात. उजेड अडतो. शंभरदा सांगून झालं.


५ फेब्रुवारी, बुधवार

पाच रुग्ण. सुरुवातीचे वरचे दाब क्रमाने: १२८, १४२, १५०, १५८, १७२. मावशी रजेवर, त्यामुळे उजेड उत्तम.

हे पायऱ्या चढणं मी पूर्वीही पाहिलंय. पाच नंबरचा रुग्ण नेहमी वर. शेरा: शेवटच्या रुग्णाला जास्त वेळ उपाशी राहावं लागतं, भुकेने दाब चढतो. मॅडमना सांगितलं. “भुकेने?” म्हणाल्या. एवढंच.

दुसरी शक्यता, पट्टी कुठेतरी गळत असेल. शनिवारी बघतो.


८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असून गेलो. आमचं यंत्र पाऱ्याच्या जुन्या यंत्राशी ताडून पाहिलं, वीस वेळा. फरक दोनच्या आत. यंत्रात खोट नाही. पाच नंबरचं कोडं तसंच.

घरी येऊन ताईचा दाब घेतला. १२२/७४, नाडी ६२. या वयात हे आकडे मिळायला नशीब लागतं.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तिने लग्न केलं नाही; लोकांचे कपडे शिवले आणि मला वाढवलं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाने दगा दिला. चार दिवस अतिदक्षता. मग मी हयगय केली नाही. नोव्हेंबरात शिलाई मशीन पुढच्या खोलीतून आत हलवलं, तिथे रस्त्याचा गोंगाट येत नाही. गिऱ्हाइकं बंद. दुपारी विश्रांती, संध्याकाळी विश्रांती, वेळापत्रक भिंतीवर. तेव्हापासूनच्या आकड्यांचा आलेख काढला तर पट्टीने मारलेली रेघ निघेल.

बायको म्हणाली, “वन्सं सकाळपासून खिडकीशी बसल्यात हो. जेवल्यासुद्धा नाहीत.”

“विश्रांती घेतेय. तेच तर हवंय.”

“खिडकीतून भिंत दिसते.”

“मग काय झालं?”

संध्याकाळी समोरचा न्हावी त्याचा शर्ट मागायला आला. एक बाही लावायची राहिलीय. तीन महिने तो तसाच पडून आहे. म्हटलं, “दुसरीकडे टाक. ताईला त्रास नको.” तर म्हणे, “दुसरे शिंपी नकोत. त्यांनी टेप काढली रे काढली की मी पोट आत घेतो. मग शर्ट होतो पोट आत घेतलेल्या माणसाचा. ताई आधी गप्पा मारतात, बायकोची खुशाली विचारतात, माणूस सैल पडला की टेप कधी फिरली कळतसुद्धा नाही. म्हणतात, ताठलेल्या माणसाचं माप घेऊ नये, ते त्याचं नसतंच.” बोलतच सुटला. न्हावीच तो. दार लावून घेतलं.


१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमशी खटका. पाच नंबरवर एक निवृत्त शिक्षिका, सुरुवातीचा दाब १६८. मी लगाम भरून ठेवला. मॅडमनी सिरिंज बाजूला सारली. “आज न देता बघू.”

“मॅडम, डोंगर दोनशेवर जाईल.”

“हृदय धडधाकट आहे यांचं. चढेल आणि उतरेल. उतरायचाच असतो तो.”

१९२ पर्यंत चढला. चार मिनिटांत १५०, नऊ मिनिटांत १३२. फीट चांगली ५२ सेकंद. गेल्या वेळी २१ होती.

शेरा: नशीब.

मावशी कामावर परतल्या आणि परत काचेपुढे. आज जरा आवाज चढवला. “मावशी, उजेड सोडा!” त्या बाजूला झाल्या, पण काहीतरी पुटपुटल्या.


१५ फेब्रुवारी, शनिवार

आज घरात पहिल्यांदाच बायकोने माझ्यावर आवाज चढवला.

ताईने दोन दिवस पाणीसुद्धा धड घेतलेलं नाही. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटते. बोलत नाही. हाक मारली की मान वळते, पण बघते ती माझ्या मागे कुठेतरी. मी पट्टी आणायला उठलो, तर बायको म्हणाली, “पुन्हा ती पट्टी? अहो, अशी माणसं तुम्ही रोज बघता ना? मग घरातलं नाही दिसलं?”

“दाब उत्तम आहे तिचा. मी रोज—”

“दाबाशी बोलता तुम्ही. वन्संशी नाही.”

फारच बोलली. मी ताईला वजनकाट्यावर उभं केलं, दोन्ही दंड धरून. ४४. तक्ता पाहिला: नोव्हेंबर ५३, डिसेंबर ५०, जानेवारी ४७. चारही आकडे माझ्याच अक्षरात, तारखेसह, शाईने.


१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईला भरती केलं. माझ्याच रुग्णालयात. चाकाच्या खुर्चीवरून नेताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला नेहमीसारखा हात केला, मग खुर्चीकडे पाहून हात खाली घेतला.

मोठ्या डॉक्टरांनी तिला अर्धा तास पाहिलं. ते माझे जुने साहेब, आडपडदा ठेवत नाहीत. “खोल नैराश्य आहे. खाणं-पिणं सुटलंय. गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे लागतील, तेवढा अवधी तिच्याकडे नाही. आपला उपचार द्यायला हवा.”

“तिचं हृदय—”

“म्हणूनच मॅडमना बोलावलंय.”

मॅडम सगळं वाचून आल्या होत्या. म्हणाल्या, “काका, तुमच्या भाषेत सांगते. डोंगर यांना झेपणार नाही, म्हणून लगाम लागेल. टाच आधी देणार नाही, तिने ठोके वाढतात. हाताशी भरून ठेवीन. पण लगाम जास्त झाला आणि दरी खोल गेली तर तेही झेपणार नाही. मधली वाट अरुंद आहे.”

मी म्हटलं, “मी असेन ना.”

“तुम्ही नसाल. घरचं माणूस टेबलावर असताना खोलीत थांबायचं नाही. तुमच्या जागी मावशी सामान देतील.”

मावशी! ज्यांना सिरिंज आणि सुई यांतला फरक मी शिकवला. खूप बोललो. मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. नियम म्हणजे नियम. मी स्वतः किती नातेवाइकांना त्या दारातून मागे लोटलंय, तेही आठवलं.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला सलाईन. नाडी ६६. माझ्याकडे पाहिलं नाही.


१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला वॉर्डात गेलो. सिस्टरवर भरवसा नाही म्हणून माझंच यंत्र नेलं. ताई अंथरुणात, डोळे उघडे. दोन्ही हातांवर घेतला. १२४/७६, १२६/७६. चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

यादीत ती चौथी, कारण मोठे डॉक्टर दहाला यायचे होते. नऊला तिची खुर्ची बाकाशेजारी लावली आणि बाकावर बसलो. बावीस वर्षांत त्या बाकावर मी पहिल्यांदा बसत होतो. कठीण आहे, पाठीला टेकू नाही. हे आधी कसं लक्षात आलं नाही असा विचार करत होतो, तेवढ्यात समोरच्या गोल काचेत ते दिसलं.

पाऊल. नुसतं पाऊल, काचेच्या बरोब्बर मधोमध, छान उजेडात. आधी अंगठा ताठला. मग सगळं पाऊल हलायला लागलं. बाकीचा माणूस दिसत नाही, शांत पडलेला देह दिसत नाही, मॅडमचा हनुवटीखालचा हात दिसत नाही. दिसतं ते एवढंच. ते पाऊल मी रोज पाहतो, घड्याळ लावून पाहतो. पण बाकावरून ते कुणाचं तरी नाही, आपलं पाऊल वाटतं.

माझ्या शेजारी एक तरुण बाई, यादीत दुसरी. ती काचेकडे पाहत होती आणि दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेत होती. तिला आत नेलं, मग पुन्हा काचेत पाऊल. मग तिसरा. मावशी आत कामाला, त्यामुळे काचेपुढे कुणी नाही. मी सवयीने स्वतःची नाडी मोजली. १०८. माझी कधी सत्तरच्या वर जात नाही.

मग ताईची धरली. जी महिनाभर कशाकडे बघत नाही असं मी समजत होतो, ती काचेकडे बघत होती. नाडी ११६. तिचे पाय, मोज्यांत, एकावर एक घट्ट दाबलेले.

तिला आत घेतलं. दार मिटण्याआधी मावशींचा आवाज आला, “वरचा एकशे चौऱ्याहत्तर.” आणि मॅडम म्हणाल्या, “बराच आहे. लगाम पूर्ण घेऊ.” माझाच शब्द.

मी दार ढकललं. “मॅडम, थांबा. तो आकडा धरू नका.”

“काका, बाहेर.”

“जातो. पण तो आकडा धरू नका.”

“यंत्र बिघडलंय?”

“यंत्र बरोबर आहे. आकडा तिचा नाही.”

“मग कुणाचा?”

“बाकाचा.”

चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली, दोन्ही हातांचे आकडे वाचले. मग हातमोज्यांसकट बाहेर आल्या, बाकावर बसल्या, समोर पाहिलं. काचेत ताईचं पाऊल होतं. मॅडम जेमतेम पाच सेकंद बसल्या असतील. उठल्या आणि आत जाताना म्हणाल्या, “मावशी, त्यांचा हात धरून बोलत बसा थोडं. घाई नाही. लगाम तिसरा हिस्सा, तो हातात ठेवा.” मग मला, “दार लावा. बाहेरून.”

लावलं. काचेपुढे पाठ करून उभा राहिलो, पाच नंबरच्या आजोबांना काही दिसू नये म्हणून. आजोबा म्हणाले, “अहो, उजेड सोडा.” मी म्हटलं, “आज नाही.”

मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. ११०. मावशींचं काहीतरी बोलणं. १००. नव्वदच्या आसपास. मग भूल, मग शांतता. मग वीज लागल्याचा तो लांब सूर, जो मी हजारो वेळा ऐकलाय. सूर थांबला.

टिकटिकही थांबली.

एक. दोन. तीन. चार. चारपर्यंत पाहिलंय मी. पाच. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून तोंड सरळ ठेवलं. सहा. मॅडमचा आवाज, शांत, “टाच द्या.” सात.

टिक.

मग बराच वेळ काही नाही, म्हणजे टिकटिक होती, बाकी काही नाही. मग पुन्हा तो सूर, आणि या वेळी टिकटिक किंचित अडखळली, सुटली, धावली. १२०, १२५. तिथून वर नाही. मनात मोजत होतो, उतार लागेपर्यंत. आजोबांनी विचारलं, “झालं का?” म्हटलं, “झालं.”

मॅडम नंतर बाहेर आल्या. “पहिल्यांदा वीज कमी पडली, फीट आलीच नाही. फीट नाही म्हणजे डोंगर नाही. नुसती दरी. सात सेकंद.”

“मोजले.”

“दुसऱ्यांदा नीट आली. ४१ सेकंद. दाब १६६ वर गेला, उतरला.” मग हातमोजे काढत, “काका, पूर्ण लगाम आत असता आणि अशी दरी आली असती तर—”

“कळलं, मॅडम,” मी म्हटलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्टरं एकतीस आहेत. कपाटाच्या तीन फळ्या. प्रत्येकात तिसरा रकाना: सुरुवातीचा दाब.

सकाळी पाचला उठून वॉर्डात गेलो. उद्याच्या यादीतले पाचही जण आणि बुधवारचे चार, अंथरुणातच, उठण्याआधी. सिस्टर म्हणाल्या, “काका, आमच्यावर विश्वास नाही का?” म्हटलं, “नाही. पण आता माझ्यावरही नाही.” त्या हसल्या, त्यांना विनोद वाटला.

घरी येऊन बुधवारच्या टेबलावरच्या आकड्यांशी ताडलं. पहिला नंबर: फरक ८. दुसरी: २३. तिसरा: ३४. ताई: ५०. पाच नंबरचे आजोबा, ज्यांच्यापुढे शेवटी मी उभा होतो: ३०. पहिल्याने एकही पाऊल पाहिलेलं नसतं. मग एक, दोन, तीन. भूक नव्हे.

या बारा वर्षांत किती जणांना नको तेवढा लगाम गेला असेल? कुणी दगावलं नाही, हे खरं, रजिस्टर साक्षीला आहे. पण लगाम जास्त झाला की फीट आखूड पडते. आखूड पडली की उपचार वाढवावे लागतात. सहाच्या जागी नऊ, दहा. असे रुग्ण मला आठवतात. जुनं रजिस्टर उघडून पाहिलं, शेरा काय लिहिला होता. ‘रुग्ण हट्टी.’ माझ्याच अक्षरात.

मॅडमनी रेघ मारली ते बरंच झालं.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सातला खोलीत गेलो, पाना घेऊन. टेबलाचे चारही बोल्ट काढले, टेबल फिरवलं, पाय आतल्या भिंतीकडे. पावलावर उजेड हवा म्हणून भिंतीवर दिवा लावला. हे बारा वर्षांपूर्वीही करता आलं असतं. काचेवर तूर्त वर्तमानपत्र. बाक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली. एका रुग्णामागे अर्धं मिनिट जास्त लागेल. लागू दे.

मावशी आल्या, पाहत राहिल्या. म्हणाल्या, “मी काय उगाच उभी राहत होते का दारात?”

“मग सांगायचं ना!”

“सांगितलं होतं की. पहिल्या वर्षीच. म्हटलं, काका, ते बिचारे घाबरतात. तुम्ही म्हणालात, मावशी, तुम्ही फरशी बघा.”

म्हणालो असेन. आठवत नाही, पण वाक्य माझंच आहे.

मॅडमना कागद दिला, बुधवारच्या पाच जणांचे आकडे, दोन रकाने. उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा. “काका, हे तुम्ही केलंत?”

“मीच केलं,” म्हटलं. “दोन्ही. बाकही आणि हेही.”

त्यांनी रजिस्टर ओढलं, ‘शेरा’वर मारलेल्या रेघेशेजारी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘वॉर्डातला दाब, काकांनी घेतलेला’. अक्षर फार वाईट आहे त्यांचं.

ताईचा दुसरा उपचार. टेबलावर १३४.


२४ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा. दरी दोन सेकंद, डोंगर १५८. दुपारी तिने अर्धा पेला दूध घेतलं. चमच्याने नाही, पेला स्वतः धरून. बायको दोन्ही हात पेल्याखाली धरून बसली होती, सांडलं तर म्हणून. सांडलं नाही.


२६ फेब्रुवारी, बुधवार

चौथा. जाग आल्यावर मावशींना म्हणाली, “पाणी.” एक महिना आणि तीन दिवसांनी ऐकलेला शब्द. मी नव्हतो तिथे, मावशींनी तीनदा सांगितला, दर वेळी थोडा लांबवून. शेवटच्या वेळी ते एक आख्खं वाक्य झालं होतं.


१ मार्च, शनिवार

सुट्टी. मशीन पुढच्या खोलीत आणलं. आत उजेड कमी पडतो, शिवाय भिंतीला ओल धरतेय, लोखंड गंजेल. भिंतीवरचं वेळापत्रकही काढलं, त्याचा कागद पिवळा पडला होता.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “एकट्याने उचलू नका, कंबर धरेल.” मग दुसऱ्या बाजूने तिने उचललं.

न्हाव्याने समोरून पाहिलं आणि हातात कात्री तशीच घेऊन आला, मागे खुर्चीत गिऱ्हाईक अर्धवट भादरलेलं. “ताई आल्या?” म्हटलं, “नाही अजून.” “मग मशीन?” म्हटलं, “ओल.” तो मशीनकडे बघून मान हलवत राहिला.


३ मार्च, सोमवार

सहावा. संध्याकाळी भेटीच्या वेळी ताईने बायकोला विचारलं, “त्या न्हाव्याचा शर्ट दिला का?” बायको रडायला लागली. ताई म्हणाली, “अगं, बाहीच राहिलीय, रडतेस काय?”

मोठे डॉक्टर म्हणाले तेच झालंय. मधले काही आठवडे तिला आठवत नाहीत. बाक आठवत नाही, काच आठवत नाही, कोण घेऊन आलं तेही नाही. मला आठवतं, ते पुरे आहे. पण मशीन आत हलवलेलं मात्र तिला आठवतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिथे कुणी येत नव्हतं रे.” म्हटलं, गोंगाट नको म्हणून. ती म्हणाली, “हं.”


५ मार्च, बुधवार

सातवा. आता दोन राहिले असं मोठे डॉक्टर म्हणतात. यादीतल्या पाचही जणांचे टेबलावरचे दाब १२० ते १३८. पायऱ्या नाहीत. काचेवरचं वर्तमानपत्र सुटलं होतं, मावशींनी आपण होऊन जागा घेतली. मी काही बोललो नाही. बोललो, म्हणजे, “मावशी, पाय दुखतील, स्टूल देऊ का?” असं विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.


७ मार्च, शुक्रवार

सकाळी सहाला नेहमीप्रमाणे वॉर्डात गेलो, यंत्र घेऊन. ताई जागी होती, उशीला टेकून, केस विंचरलेले. मी खुर्ची ओढली, पट्टी सोडली, तिचा हात घेतला. तिने हात काढून घेतला.

“काय रे बारक्या, आल्या-आल्या पट्टी?”

बारक्या. बावन्न वर्षांचा आहे मी. शेजारच्या पलंगावरची बाई हसली.

“उपचाराआधी घ्यावा लागतो, ताई.”

“घे की. मी नको म्हटलं का? पण आधी काही बोलशील की नाही? एवढी वर्षं माझ्या मशीनखाली बसून काय शिकलास? ताठलेल्या माणसाचं माप घेतात का?”

मी पट्टी मांडीवर ठेवली. रोज तिचा हात हातात घेतला, पण बोलायचं असं कधी ठरवलं नव्हतं. मग सांगितलं, मशीन पुढे आणलंय. ती म्हणाली, बॉबिन तेल मागत असेल. म्हटलं, घातलं. कुठलं? सांगितलं. ती म्हणाली, ते जाड असतं, पातळ घाल. मग न्हाव्याचं अर्धवट भादरलेलं गिऱ्हाईक सांगितलं, ती खूप हसली, हसताना खोकली, पाणी प्यायली. मग मी म्हटलं, आमच्या दाराच्या काचेला पडदा हवाय, वर्तमानपत्र सारखं सुटतं. “किती बाय किती?” तिने विचारलं. सांगितलं. गोल आहे म्हटल्यावर म्हणाली, गोल काचेला चौकोनीच पडदा लागतो, चारही बाजूंनी वीतभर जास्त धर, आणि कापड साधं आण, फुलाफुलांचं नको, माणसं आधीच घाबरलेली असतात.

तिला हे कुणी सांगितलं, विचारलं नाही.

व्हरांड्यातून मावशींनी हाक मारली, “काका, मॅडम आल्या!” तेव्हा घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता. मध्ये कधीतरी दाब घेतला होता मी, पट्टी गुंडाळलेली होती खिशात. ताईला म्हटलं, कळलं तरी का, कधी घेतला? ती म्हणाली, “नाही बुवा.”

आकडा इथे लिहायला वही उघडली, तर आठवत नाही. चिठ्ठी केलेली नाही. सिस्टर तेव्हा पलंगापाशीच उभ्या होत्या, त्यांना तोंडी सांगितला, त्यांनी कागदावर चढवला. एकशेवीस-ऐंशीच चढवला असणार.

असू दे.